तीन तऱ्हांनी पडणारा पीसी : पारोळ्याकडची एक ओव्हरक्लॉकची केस

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ दिवस होते तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, पीसी परत पडला. हळदीचा व्हिडिओ नव्वद टक्क्यांवर गेला होता." मागून ताईचा आवाज आला, "त्या डबडाले एकदाव फेकी दे!" ताई अजून अहिराणीतच बोलते, आणि चिडली की जास्तच.

भाचा पारोळा तालुक्यातल्या एका गावात राहतो. लग्नाचं शूटिंग करतो, मिक्सिंगही घरीच. एप्रिल-मे म्हणजे त्याचं वर्षाचं पीक. मी जळगावला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, त्यामुळे या पीसीबद्दल महिनाभरात फोनवरून तीन-चारदा सल्ला देऊन झाला होता. धूळ काढ, पेस्ट बदल, रॅम काढून परत बसव. सगळं त्याने केलं. हीटसिंकमधून मूठभर कापसाचं तूस निघालं, तापमान सहा डिग्रीने उतरलं, आणि पीसी पहिल्यासारखाच पडत राहिला. मध्ये एका दुकानात नेऊन आणला. तिथे दोनदा फॉरमॅट मारला, तिसऱ्यांदा एसएसडी खराब म्हणून नवी बसवली. दुकानदाराला मी नावं ठेवणार नाही. समोर दहा मशीन असताना मीही फॉरमॅट मारलेले आहेत.

ताईला आखाजीसाठी माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून मीच जाणार होतो. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी निघालो आणि पिशवीत मल्टिमीटर, दोन पेन ड्राइव्ह आणि पेस्टची ट्यूब टाकली. दोन दिवसांचे चार झाले.

आधी मशीन सांगतो. २०२० च्या शेवटी मीच जुळवून दिलेलं. रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, प्रोसेसरवर १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, ४५० वॅटचा, स्वस्तातला. तिथे पैसे वाचवले होते हे मला पक्कं आठवतं, कारण वाचवायला मीच सांगितलं होतं.

चार वर्षं मशीन सुतासारखं चाललं. यंदा जानेवारीत भाच्याने ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे मशीन ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं. प्रोसेसरच्या सहाच्या सहा कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर बांधल्या, व्होल्टेज १.३० ठेवलं, आणि रॅम ३२०० ची असताना ३६०० वर नेली. मला हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मामा, यात ओव्हरक्लॉक कुठे आलं? डब्यावरच ४.२ लिहिलंय की."

डब्यावर लिहिलंय हे खरं. पण ते ४.२ म्हणजे एखाद्या कोअरने हलक्या कामात गाठायचा कमाल वेग. जुलै २०१९ मध्ये आलेला हा प्रोसेसर ३.६ चा आहे. सगळ्या कोअर जुंपल्या की तो स्वतःच वेग कमी करतो, चांगल्या कूलरखाली ३.९-४.० च्या आसपास राहतो, आणि प्रत्येक क्षणी तापमान आणि करंट बघून खालीवर होत असतो. सगळ्या कोअर ४.२ वर बांधल्या की ही राखण बंद पडते. एक्सपोर्ट असो की गाणं ऐकणं, त्याला ४.२ वरच पळायचं आणि १.३० व्होल्टमध्येच भागवायचं. एकट्याने वेशीपर्यंत धावत जाणं वेगळं आणि सगळ्या वरातीने धावणं वेगळं.

दुसरी गोष्ट ताईच्या बोलण्यातून निघाली. जानेवारीत पीसी खाली, जुन्या धाब्याच्या खोलीत होता. मातीचं छत, दोन-अडीच फुटांच्या भिंती. बाहेर काहीही असो, आत गारवा. फेब्रुवारीत वर स्लॅबची नवी खोली झाली आणि पीसी तिथे गेला. भाच्याने ओव्हरक्लॉकची चाचणी घेतली होती, अगदी प्रामाणिकपणे रात्रभर घेतली होती, पण ती जानेवारीतल्या धाब्याखाली. वरच्या खोलीत आता दुपारी ४१ डिग्री होते. भिंतीवरचं घड्याळ तापमानही दाखवायचं, त्यामुळे ते निदान वादाचं राहिलं नाही.

वही

"पीसी पडतो" एवढ्यावर काही करता येत नाही. मी भाच्याला वही घ्यायला लावली. किती वाजता पडला, त्या वेळी काय चालू होतं, पडद्यावर काय दिसलं. गेल्या तीन आठवड्यांचं त्याला जेवढं आठवत होतं ते त्याने लिहिलं, उरलेलं आम्ही विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतून काढलं. तेवीस नोंदी झाल्या.

त्यात वेळेचा रकाना वाचताच अर्धी केस उलगडली. नऊ वेळा पीसी दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान पडला होता, दर वेळी एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) चालू असताना, निळी स्क्रीन येऊन. आठ वेळा संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान: पडदा एकदम काळा, पंखे क्षणभर थांबून परत फिरायला लागतात, आणि विंडोज नव्याने सुरू. निळं काहीच नाही. उरलेल्या सहांना वेळेचा धरबंध नव्हता. कधी निळी स्क्रीन, दर वेळी निराळं नाव घेऊन. कधी एडिटिंगचा प्रोग्रॅमच न सांगता बंद.

आणि सातवी एक गोष्ट, जी त्याने पडण्यात धरलीच नव्हती. एका एक्सपोर्टमध्ये नवरीच्या आत्या हळद लावत असताना एका फ्रेमपुरते चेहऱ्यावर हिरवे चौकोन उमटले होते. "ते ग्राफिक्स कार्डाचं असेल," असं त्याचं मत. माझ्या पोटात गोळा आला तो यानेच. का, ते पुढे येईल.

इव्हेंट व्ह्यूअरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे हमखास फसगत होते. मशीन अचानक बंद होऊन सुरू झालं की तिथे लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद येते. 'पॉवर' शब्द दिसला की लोक एसएमपीएस बदलायला निघतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. निळी स्क्रीन आली, तुम्ही बटण दाबून धरलं, लाइट गेली, सगळ्यांना तीच नोंद. तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक कोड' नावाचं एक घर असतं, बघायचं ते. दुपारच्या नऊ नोंदींत तिथे २९२ होता. विंडोज हा आकडा दशमानात लिहितं. सोळाच्या पायावर मांडला की तो १२४ होतो, म्हणजेच 'व्हीया अनकरेक्टेबल एरर', हार्डवेअरची अशी चूक की जी प्रोसेसरला स्वतः सावरता आली नाही. जोडीला 'व्हीया-लॉगर १८' ची नोंद, आणि त्यात 'कॅश हायरार्की एरर', म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक. संध्याकाळच्या आठही नोंदींत त्याच घरात शून्य. शून्य म्हणजे विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलासुद्धा सवड मिळाली नाही, पायाखालची जमीनच गेली. बाकीच्या सहांत कुठे २६, कुठे ८०, कुठे १०: मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट, आयआरक्यूएल. दर वेळी नवं नाव म्हणजे खोटं बोलणारा साक्षीदार, आणि असा साक्षीदार बहुतेक वेळा रॅम असते.

ग्राफिक्स कार्ड मी इथेच सोडून दिलं. डिस्प्ले ड्रायव्हर अडकून सावरला की ४१०१ ची नोंद येते. ती एकही नव्हती.

दोन दिवस साधं मशीन

मी म्हटलं, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सगळं मुळावर आण. भाच्याचं तोंड उतरलं. अकरा लग्नं अडकलेली आणि मामा मशीन हळू करायला सांगतोय. पण ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर दुसरं काहीही तपासायच्या आधी हे करावंच लागतं. नाहीतर तुम्ही विंडोजमध्ये दोष शोधत बसता आणि खाली पायाच हलत असतो. 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' केलं. प्रोसेसर स्वतःच्या मर्जीने चालू लागला, रॅम २४०० वर आली.

दोन दिवस तो त्याच मशीनवर काम करत राहिला. दुपारचे एक्सपोर्ट पार पडले. प्रोग्रॅम एकदाही आपोआप बंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही खाली शेवभाजी खात असताना वरून भाच्याची आरोळी आली. पडदा काळा, पंखे थांबून परत फिरले. त्याला वाटलं सगळं मुसळ केरात. मला मात्र बरं वाटलं, फक्त ते ताटावरून बोलून दाखवलं नाही. साध्या मशीनवरही संध्याकाळचं पडणं उरलं, म्हणजे ते ओव्हरक्लॉकचं नव्हतं. निदान एकट्या ओव्हरक्लॉकचं नव्हतं.

रॅम

पहिल्यांदा रॅमच घेतली, कारण बाकीची दुखणी वेळ खातात, हे डेटा खातं.

फक्त रॅम पुन्हा ३६०० वर नेली. प्रोसेसर साधाच ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं आणि रात्री झोपलो. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चूक शून्य. भाचा म्हणाला, "बघा, रॅम चांगली आहे." इथे मी आधी फसलेलो आहे, म्हणून तीच चाचणी दुपारी एकला पुन्हा लावली. कॅबिनेटचं दार लावलेलं, खोलीतला कूलर बंद. दुसऱ्या फेरीत लाल ओळी यायला लागल्या. प्रत्येक ओळीत पत्ता, काय असायला हवं होतं आणि काय निघालं. बऱ्याचशा ओळींत दोन्हींत फरक एकाच बिटाचा, तोही त्याच जागी.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे वीज साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, आणि तो गळका असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते, आणि सिग्नल पोचायच्या वेळाही थोड्या सरकतात. लेबलवरच्या वेगाला कंपनीने या सरकण्यासाठी जागा सोडलेली असते. भाच्याने ३२०० ची रॅम त्याच १.३५ व्होल्टवर ३६०० ला पळवली, तेव्हा ती जागाच त्याने वापरून टाकली. जानेवारीत पुरली, एप्रिलमध्ये नाही पुरली. एक्सएमपी, म्हणजे रॅमचं कंपनीने ठरवून दिलेलं सेटिंग, लावून ३२०० वर आणल्यावर दुपारीही चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या.

तीनदा नव्याने टाकलेलं विंडोज का लागू पडलं नाही, तेही इथेच कळतं. विंडोज टाकताना फायली पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये आणि रॅममधून डिस्कवर जातात. मधला हमाल गोणीतले दाणे बदलत असेल, तर गोदाम कितीदा धुतलं तरी काय होणार. रॅम सरळ केल्यावर 'एसएफसी स्कॅननाऊ' (विंडोजच्या फायली तपासणारी कमांड) चालवलं, तर जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी टाकलेल्या विंडोजमध्ये बिघडलेल्या फायली निघाल्या. त्या त्याच कमांडने दुरुस्त झाल्या.

आता ते हिरवे चौकोन. एक्सपोर्टमध्ये आले असते तर पुन्हा एक्सपोर्ट केल्यावर गेले असते. केलं. गेले नाहीत. मूळ क्लिप उघडली, तर त्याच फ्रेमवर तेच चौकोन. म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर उतरवतानाच फाइल बिघडली होती. आणि कार्ड? ते पुढच्या लग्नाला फॉरमॅट करून वापरलेलं. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने त्या तीन महिन्यांतल्या सगळ्या क्लिप एकेक करून उघडायला घेतल्या; दीड दिवस गेला त्यात. आणखी दोन सापडल्या. एकीत एका डान्सचे काही सेकंद अडकत होते, दुसरी मध्यापासून पुढे उघडतच नव्हती. पहिल्या दोन त्याने कापून दुसऱ्या कॅमेऱ्याच्या शॉटने झाकल्या. तिसरीतलं विहीणभेटीचं होतं, आणि त्याला दुसरा कॅमेरा नव्हता. त्या घरी तो स्वतः जाऊन सांगून आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो कार्ड उतरवताना टेराकॉपी या प्रोग्रॅममधलं 'व्हेरिफाय' (उतरलेली फाइल मूळ फाइलशी ताडून बघणं) चालू ठेवतो आणि व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही. चार जास्तीची कार्डं घ्यावी लागली.

४.२ चा हट्ट

रॅम ३२०० वर पक्की केली आणि प्रोसेसर पुन्हा ४.२ वर, १.३० व्होल्टवर नेला. प्राइम९५ ची 'स्मॉल एफएफटी' चाचणी लावली. ही चाचणी प्रोसेसरला भट्टीत घालते, रोजचं कुठलंही काम एवढं तापवत नाही. सकाळी साडेसहाला खोलीत २९ डिग्री होते. प्रोसेसर ८२ वर टेकला आणि तासभर न चुकता चालला. दुपारी अडीचला खोलीत ४१, प्रोसेसर ९४. खोली बारा डिग्रीने तापली तर प्रोसेसरही तेवढाच चढला. कूलर शेवटी खोलीतलीच हवा फिरवतो, तिच्यापेक्षा गार काही करू शकत नाही. अकराव्या मिनिटाला एक वर्कर थांबला: 'फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. म्हणजे एका कोअरचा गुणाकार चुकला. विंडोज तोवर पडलेलं नव्हतं, माउस मजेत हलत होता. निळी स्क्रीन येते ती अशी चूक नको त्या जागी झाली की.

भाच्याला एक आकडा बघायला लावला. बायोसमध्ये व्होल्टेज १.३० लिहिलेलं, पण एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भार पडताच १.२४ दिसत होतं. मदरबोर्डावर भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतंच. त्याने जो आकडा टाकला तो रिकाम्या बैलगाडीचा होता. शिवाय चिप जितकी तापते तितकं त्याच वेगाला तिला जास्त व्होल्टेज लागतं. दोन्ही बाजूंनी कोंडी.

"मग १.३५ करू?" त्याने लगेच विचारलं. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज लागते. १.३० चं १.३५ केलं की आठेक टक्के जास्त उष्णता, आणि आपण आधीच ९४ वर बसलोय. या प्रोसेसरची मर्यादा ९५ ची. खाली धाब्याच्या खोलीत नेला असता तर जमलं असतं, तिथे दुपारीही ३३-३४ च्या वर जात नव्हतं. पण ती खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. भाव येईना म्हणून दाजींनी दिवाळीपासून विकला नव्हता. विषय काढला तर दाजी एवढंच म्हणाले, "मन्हा कापूसले हात लावू नका." आणि कापसाच्या ढिगाशेजारी तापणारी पेटी ठेवायला मीही तयार झालो नसतो.

मग मी त्याला घड्याळ लावायला सांगितलं. तोच व्हिडिओ, तीच सेटिंग. ४.२ वर ४९ मिनिटं, साध्या मशीनवर ५२. तीन मिनिटांसाठी दुपारचे नऊ एक्सपोर्ट वाया गेले होते. या प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉकला फारसं काही उरलेलंच नसतं, जेवढा रस आहे तो कारखान्यातच काढून घेतलेला असतो. २०११ च्या सँडी ब्रिजच्या काळी, ३.३ चा प्रोसेसर ४.५ वर सहज जायचा, तेव्हा या उद्योगाला अर्थ होता. मी स्वतः केलेला आहे. भाच्याने काही न बोलता प्रोसेसरचं सगळं 'ऑटो'वर टाकलं.

संध्याकाळचं पडणं

हे सगळ्यात सोपं निघेल असं वाटलं होतं.

रात्री आठला पीसीची पिन लावतो त्या भिंतीवरच्या बोर्डात मल्टिमीटर लावला. १७१ व्होल्ट. २३० च्या जागी. संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम चालू होतात, डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) तीच, तार तीच. सहा वाजता तिथेच २१४ होते. एसएमपीएस काढून लेबल वाचलं: इनपुट २०० ते २४० व्होल्ट. म्हणजे संध्याकाळचे तीन तास तो आपल्या मर्यादेच्या खालीच राबत होता. तरी नुसत्या कमी व्होल्टेजने तो पडत नव्हता. पडायचा तो लाइट क्षणभर गेली की, आणि ती संध्याकाळी दोन-तीनदा जायची.

"पण मामा, इन्व्हर्टर आहे ना," भाचा म्हणाला. होता. घरात ट्यूब पापणीही लववत नव्हत्या, म्हणूनच लाइट गेल्याचं कुणाच्या लक्षात यायचं नाही. इन्व्हर्टर भिंतीपासून ओढून मागची बाजू बघितली. तिथे छोटं बटण, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल'. नॉर्मलवर होतं.

बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना हे बटण असतं आणि बहुतेक घरांत ते कुणाला माहीत नसतं. यूपीएसवर असताना तो दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो. नॉर्मलवर त्याच्या काही पट वेळ घेतो. पंख्याला आणि ट्यूबला फरक पडत नाही. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये मात्र पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदांचीच शिदोरी असते, तीही व्होल्टेज पूर्ण असताना. आमच्या स्वस्त एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट (पीएफसी) नव्हतं, त्यामुळे त्याचा कपॅसिटर भिंतीतल्या व्होल्टेजवरच भरायचा. साठा व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १७१ वर तो २३० च्या साठ्याच्या ५५ टक्केच. त्यातलाही तळाचा भाग वापरता येत नाही.

खात्री करायला खालून मेनचा एमसीबी पाडला. पीसी नुसता चालू: काही झालं नाही. एक्सपोर्ट लावून पाडला: काळा. परत पाडला, परत काळा. बटण यूपीएसवर करून एक्सपोर्ट चालू ठेवून पाडला: व्यवस्थित चालू. चार वेळा करून बघितलं. ओव्हरक्लॉकचा इथे हात असेल तर तो इतकाच की जास्त वीज ओढली की शिदोरी लवकर संपते.

मी बटण यूपीएसवर ठेवून झोपायला गेलो आणि रात्री साडेअकराला सगळं घर अंधारात. बॅटरी उतरली होती. यूपीएसवर असताना व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टरला ती लाइट गेल्यासारखीच, तो बॅटरीवर जातो. आमच्याकडे तर आठपासून १७१. वायरमनने दोन वर्षांपूर्वी बटण नॉर्मलवर ठेवलं होतं ते याचसाठी, आणि घरापुरतं बरोबरच ठेवलं होतं. ताई पदराने वारा घेत गच्चीवर येऊन म्हणाली, "तुनं मशीन सुधरनं, आम्हनं घर बिघडनं." बटण परत नॉर्मलवर.

शेवटी पीसीपुरती वेगळी सोय केली. जळगावला गोलाणी मार्केटमधून ५५० वॅटचा, अॅक्टिव्ह पीएफसीवाला, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस आणि १००० व्हीए, ६०० वॅटचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस आणला. हा यूपीएस कमी व्होल्टेज बॅटरीला हात न लावता वर उचलून देतो. त्याची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर लावायची नाही, थेट मेनवरून वेगळी वायर ओढली. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर यूपीएस ती वीज ओळखतच नाही आणि स्वतःची बॅटरी संपवून बसतो. अॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवरही रुसतात, म्हणून विकत घ्यायच्या आधी दोन्ही दुकानातच जोडून, पिन उपटून दाखवायला लावलं. दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत बसलं. २०२० मध्ये मी वाचवलेले पैसे असे परत गेले.

आखाजी झाली. ताई माहेरी येऊन झोका खेळून, मांडे-आमरस खाऊन परतसुद्धा गेली. वही भाच्याने चालू ठेवली आहे. मे महिना संपेपर्यंत तिच्यात एकच ओळ वाढली: संध्याकाळी सात चाळीस, एक्सपोर्ट, पडदा काळा, बगचेक शून्य. त्याने घाबरून फोन केला. मी विचारलं, यूपीएसच्या बोर्डात आणखी काय लावलंय? तो वर बघून आला. लाइट गेलेली, लग्नाला निघायची घाई, आणि दाजींनी 'हा बोर्ड चालू दिसतोय' म्हणून त्यात इस्त्री लावली होती. हजार वॅटची.